कावळा, फांदी आणि पानिपतचा ‘तुक्का’

१/
पानिपतचा विषय निघाला की चर्चेत एक वाक्य हमखास येते : ‘अब्दालीचा तुक्का लागला.’ विश्वासरावांना गोळी लागली नसती तर चित्र वेगळे असते, हा त्याचा उत्तरार्ध. हेमूच्या डोळ्यात घुसलेला बाण असो वा दारा शुकोहचा रिकामा हौदा, निकाल तोच आणि शब्दही तोच. शब्द खेळकर आहे, चटकन समजतो. इतिहासाच्या वाचनात मात्र तो मोठी हानी करतो. हा थ्रेड त्या शब्दाविरुद्ध आहे.

२/
आधी शब्दाचे मूळ. ‘तुक्का’ मराठीत आला तो हिंदुस्तानी बोलीतून. मुळात तो फारसी वळणाचा. त्याचा जुना अर्थ योगायोग असा नव्हता. तुक्का म्हणजे अणी नसलेला, बोथट टोकाचा बाण. तो सरावासाठी असे. त्याने शिकार पडत नाही आणि शत्रूही पडत नाही.

३/
‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ ही म्हण त्याच बाणावरून पडली. म्हणीचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे : नेम साधला तर तो तीर, हुकला तर तुक्का. आजची बोली याच्या नेमकी उलट चालते. स्पर्धापरीक्षेत उत्तर येत नसताना पर्याय निवडणे म्हणजे ‘तुक्का मारणे’ आणि तो बरोबर निघणे म्हणजे ‘तुक्का लागणे’. हुकलेल्या बाणाचे नाव लागलेल्या बाणाला मिळाले.

४/
शब्दांचे अर्थ पालटतात. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. तक्रार आहे ती या शब्दाला चिकटलेल्या आरोपाबद्दल. ‘योगायोग’ तटस्थ आहे. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, एवढेच तो सांगतो. ‘तुक्का’ म्हणणारा त्यापुढे जाऊन आणखी काही सुचवतो : जिंकणाऱ्याची लायकी नव्हती आणि हरणाऱ्याची चूक नव्हती. बिलियर्डच्या टेबलावरून पसरलेला ‘फ्लूक’ हा इंग्रजी शब्दही याच जातीचा. न योजता लागलेला फटका असा त्याचा अर्थ.

५/
आकस्मिक घटनांचा विचार या भूमीत जुनाच आहे. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ गळून पडले, हा काकतालीय न्याय. किड्याने लाकूड कोरले आणि कोरताना अक्षराचा आकार उमटला, हा घुणाक्षर न्याय. मराठीत ‘बोलाफुलाला गाठ’ आहे. आणि सर्वांत बोलकी म्हण : ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.’

६/
ही म्हण योगायोग सांगण्यासाठी वापरतात. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. कावळ्याच्या भाराने धडधाकट फांदी मोडत नाही. फांदी मोडली, म्हणजे ती आधीच वाळलेली, किडलेली होती. कावळा नेमका केव्हा बसला, हा योगायोग. फांदी कशामुळे कुजली, हा इतिहास. ‘तुक्का’ म्हणणारा आयुष्यभर कावळ्याकडेच पाहत राहतो.

७/
पहिले उदाहरण पानिपतचेच, पण ५ नोव्हेंबर १५५६ चे. हेमू हा सूर घराण्याचा सेनापती. महिनाभरापूर्वीच त्याने मुघलांकडून दिल्ली घेतली होती आणि विक्रमादित्य हे बिरुद धारण केले होते. समोर होता नुकताच चौदा वर्षांचा झालेला अकबर आणि त्याचा पालक बैरामखान. हेमूचे गजदल प्रचंड होते आणि लढाईचा रंगही बराच वेळ त्याच्या बाजूने होता.

८/
तेवढ्यात एक बाण हेमूच्या डोळ्यात घुसला. तो हौद्यात कोसळला आणि त्याचे सैन्य फुटले. पुढे बेशुद्धावस्थेत तो पकडला गेला आणि मारला गेला. ‘एका बाणाने हिंदुस्थानचा इतिहास बदलला’ हे वाक्य येथूनच निघते. ते ऐकायला भारदस्त वाटते, पण सांगत जवळजवळ काहीच नाही.

९/
त्या बाणाचा हिशेब मांडून पाहावा. हत्तीच्या तोंडासमोर घोडे टिकत नाहीत, म्हणून मुघल घोडेस्वार हेमूच्या सैन्याच्या बगलांवर गेले आणि तेथून बाणांचा वर्षाव करू लागले. हत्तीवर बसलेला सेनापती हे रणांगणावरचे सर्वांत उंच आणि सर्वांत ठळक लक्ष्य. असंख्य बाणांतला एखादा त्याला लागणे हे आश्चर्य नव्हे. शिवाय तो बोथट सरावाचा तुक्का नव्हता. मारण्यासाठीच सोडलेला तीर होता.

१०/
आता दुसरी बाजू. अकबर आणि बैरामखान त्या वेळी कोठे होते? रणांगणापासून काही कोस मागे. आघाडीची लढाई अली कुलीखानासारखे सरदार लढत होते. त्यांच्यापैकी एखादा पडला असता तरी बादशहा सुरक्षित होता आणि सैन्याला धनी उरला असता. लढाईपूर्वीच हेमूचा तोफखानाही याच आघाडीने हस्तगत केला होता. बाण दोन्ही बाजूंनी सुटत होते. पण एका बाणाने सारे संपावे अशी रचना एकाच बाजूची होती.

११/
हेमूच्या बाजूला त्याची जागा घेणारा दुसरा कोणी नव्हता. त्याचा नाममात्र धनी आदिलशाह सूर दूर पूर्वेला चुनारकडे होता. दिल्ली, बिरुद, सैन्य आणि सैन्याचा विश्वास हे सारे एका माणसावर उभे होते आणि तो माणूस एका हौद्यात बसला होता. बाण लागणे हा योगायोग मानता येईल. एवढे सारे एका हौद्यात ठेवणे हा योगायोग नव्हता.

१२/
सेनापती पडताच सैन्य का पळते? त्यात भित्रेपणा कमी आणि व्यवहार जास्त असे. त्या काळचा शिपाई राष्ट्राचा वा राज्याचा चाकर नव्हता. तो एका धन्याचा चाकर होता. थकलेला पगार, जहागिरीचे वचन, घोडा मेल्यास भरपाई, सारे त्या धन्याच्या शब्दावर. धनी गेला की लढण्याचे कारण आणि मोबदला दोन्ही एकाच क्षणी संपत.

१३/
त्यात धूळ आणि धूर. शिपायाला पूर्ण लढाई कधीच दिसत नसे. दिसे तो हत्तीवरचा हौदा. तोच निशाण, तोच निरोप, तोच पुरावा. हौदा भरलेला आहे तोवर लढाई चालू आहे; रिकामा झाला की लढाई संपली. हजारो माणसे एकाच खुणेकडे पाहत असतील तर ती खूण नाहीशी होताच हजारो पावले एकदम मागे वळणार. हे त्या व्यवस्थेचे स्वाभाविक फळ होते.

१४/
म्हणूनच ही घटना पुन्हा पुन्हा घडली. जानेवारी १५६५, तालिकोट : विजयनगरचा वृद्ध रामराया शत्रूच्या हाती सापडला, अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने त्याचा शिरच्छेद करवला आणि विजयनगरच्या फौजेने पाठ फिरवली. २९ मे १६५८, आग्र्याजवळ सामूगढ : दारा शुकोह ऐन लढाईत हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. तो जिवंत होता, जखमीही नव्हता. पण हौदा रिकामा दिसला आणि फौज विस्कटली.

१५/
सामूगढला सेनापतीला बाणही लागला नव्हता आणि गोळीही नाही. तरी निकाल हेमूसारखाच. म्हणजे बाण हे कारण नव्हते; कारण हौदा होता. फ्रेंच प्रवासी बर्निये याच्या वृत्तान्तात याच लढाईची आणखी एक हकिकत येते : औरंगजेबाने आपल्या हत्तीच्या पायांत साखळदंड घालायला सांगितले, म्हणजे हत्ती मागे हटू नये आणि हौदा जागेवरून हलू नये. ज्या गोष्टीला आज ‘तुक्का’ म्हटले जाते, तिचा बंदोबस्त एका पक्षाने त्याच दिवशी केलेला होता.

१६/
आता १४ जानेवारी १७६१. दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी मोडली होती; मध्यभागी भाऊसाहेबांनी शाहवलीखानाला मागे रेटले होते. मग विश्वासरावांना गोळी लागली. पेशव्यांचा थोरला मुलगा पडला. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. रिकामा हौदा पाहून फौज फुटली, असे वृत्तान्त सांगतात.

१७/
दारा शुकोहच्या पराभवाला १०० वर्षे उलटून गेली होती. हेमूला २०० हून अधिक. तेच दृश्य पुन्हा घडले आणि त्याला पुन्हा ‘तुक्का’ म्हणायचे? नाणे एकदा उलटे पडले तर योगायोग. प्रत्येक वेळी उलटेच पडू लागले तर समंजस माणूस नशिबाची चर्चा सोडून नाणे तपासायला घेतो.

१८/
पानिपतची फांदी कशी वाळली होती, हे वृत्तान्तांतून स्पष्ट दिसते. सुमारे अडीच महिने छावणी एका जागी अडकलेली. रसद तोडलेली. दोआबातून धान्य आणि पैसा पाठवण्याची भिस्त ज्या गोविंदपंत बुंदेल्यांवर होती, ते डिसेंबर १७६० मध्ये मारले गेलेले. छावणीत लढवय्यांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका, मुले. अन्नाविना राहिलेली माणसे आणि जनावरे त्या सकाळी लढाईला बाहेर पडली. उत्तरेतले राजपूत आणि जाट सत्ताधीश पाठीशी नव्हते.

१९/
आणि अब्दाली? तो रणांगणाच्या मागे, आपल्या तंबूपाशी होता. तेथून त्याला पळणारी माणसे दिसत होती. ती त्याने नसकची पाठवून परत लढाईत लोटली. ताजी राखीव फौज त्याने दुपारनंतर उतरवली. त्या तोडीची राखीव फौज भाऊसाहेबांपाशी उरली नव्हती. अफगाणांचा एखादा मोठा सरदार गोळीने पडला असता तर अब्दाली दुसरा पाठवू शकत होता. १५५६ मध्ये बैरामखानाने जे केले, तेच १७६१ मध्ये अब्दालीने केले.

२०/
येथे एक आक्षेप येतो : ‘सेनापती मागे राहणे म्हणजे भ्याडपणा; भाऊसाहेब शूर होते.’ भाऊसाहेबांच्या शौर्याबद्दल वादच नाही. पण शौर्य हा एका माणसाचा गुण आहे आणि युद्धव्यवस्था ही हजारो माणसांची सोय आहे. शूर सेनापतीने स्वतःच्या मरणाची तयारी केलेली असते. चांगल्या व्यवस्थेने त्याच्या मरणानंतरच्या तासाची तयारी केलेली असते. पानिपतावर पहिली होती, दुसरी नव्हती.

२१/
‘त्या काळी सगळ्यांचीच रीत तशी होती, मग दोष कसला?’ हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर मराठ्यांच्याच इतिहासात आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनौबत प्रतापराव गुजर पडले. फौज विरघळली नाही. हंबीरराव मोहिते सरनौबत झाले आणि त्याच वर्षी ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक पार पडला.

२२/
त्याहून मोठा दाखला १६८९ चा. फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले. मार्चमध्ये त्यांची क्रूर हत्या झाली. वर्ष संपण्यापूर्वी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. ‘हौदा रिकामा झाला तर सारे संपते’ हा नियम अटळ असता तर मराठी राज्य त्याच वर्षी इतिहासजमा झाले असते.

२३/
तसे झाले नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य कारभार सांभाळत राहिले. संताजी घोरपडे, धनाजी जाधव स्वतंत्रपणे मोहिमा चालवत राहिले. १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तर ताराबाईंनी सूत्रे घेतली. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मरण पावला तेव्हाही युद्ध चालूच होते. तोडायला एकच फांदी नव्हती. ते झाड बुंध्यापासून अनेक ठिकाणी फुटलेले होते.

२४/
ही घडण निर्दोष होती असे मात्र नाही. सरदारांना दिलेली मोकळीक पुढे त्यांच्या आपसांतल्या तंट्यांचेही कारण ठरली आणि त्या तंट्यांची सावली १७६१ पर्यंत पोहोचली. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते : एकाच तऱ्हेच्या आघाताचे दोन वेगळे परिणाम होतात, तेव्हा फरक आघातात नसतो. १६८९ चा घाव १७६१ च्या गोळीपेक्षा हलका नव्हता. ज्यावर तो पडला, त्याची घडण वेगळी होती.

२५/
पानिपतानंतरचा काळही तेच सांगतो. सैन्य मोडले, राज्य मोडले नाही. पुण्यात माधवराव पेशवे झाले आणि १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. हेमूच्या मागे त्याची दिल्ली एक दिवसही टिकली नव्हती. रणांगणावर एका हौद्यावर उभी असलेली सत्ता पुण्यात तशी नव्हती, म्हणून ती सावरली. एकाच पराभवातले हे दोन परिणाम ‘तुक्का’ या शब्दात मावत नाहीत.

२६/
मग इतिहासात योगायोगाला जागाच नाही का? आहे, आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. हेमू त्या दिवशी वाचला असता तर कदाचित जिंकला असता. कोणती गोळी, कोणाला, किती वाजता लागेल हे कोणत्याही सिद्धान्तातून निघत नाही. ‘सारे आधीच ठरलेले होते’ म्हणणारा नियतिवादीही ‘सारा तुक्का होता’ म्हणणाऱ्याइतकाच आळशी. दोघांनाही पुरावे चाळावे लागत नाहीत.

२७/
योगायोगाची हद्द मात्र आखता येते. घटना केव्हा घडेल, हे बऱ्याचदा योगायोग ठरवतो. तिची किंमत किती मोजावी लागेल, हे तयारी ठरवते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शायिस्ताखान निसटला, फक्त बोटे गमावून. अंधारातला वार थोडक्यात हुकला, हा योगायोग. पण छाप्याचे यश त्या एका वारावर टांगलेले नव्हते. मोठ्या छावणीच्या मधोमध शिरून परत येता येते, एवढे दाखवणे पुरेसे होते. खानाची दख्खनमधून उचलबांगडी झाली.

२८/
योगायोगाचे नाव कोण देतो, हेही तपासावे. हेमूला लागलेला बाण अबुल फजलने अकबरनाम्यात ईश्वरी कोपाचे फळ म्हणून मांडला. जिंकणाऱ्याच्या दरबारात जी देवाची इच्छा असते, तीच हरणाऱ्याच्या बैठकीत तुक्का होते. बाण एकच. एकाला त्यातून राज्याचा अधिकार सिद्ध करायचा असतो, दुसऱ्याला आपल्या चुकांवर पांघरूण घालायचे असते. इतिहास वाचणाऱ्याने या दोघांपैकी कोणाचीही चाकरी करू नये.

२९/
यापुढे ‘तुक्का’ शब्द ओठावर आला तर तीन प्रश्न पुरेत. असाच आघात दुसरीकडे झाला तेव्हा हाच परिणाम झाला का? त्याच आघाताचा बंदोबस्त समोरच्या पक्षाने केला होता का? आणि याला योगायोग म्हटल्याने कोणाची जबाबदारी टळते? तिन्ही प्रश्नांपुढे जो टिकेल, तो खरा योगायोग. परीक्षेतल्या पर्यायासाठी, क्रिकेटमधल्या षटकारासाठी ‘तुक्का’ खुशाल वापरावा; तेथे तो शोभतो.

३०/
पानिपतावर एका दिवसात हजारो माणसे गेली. महाराष्ट्रात क्वचितच एखादे घर त्या दुःखातून सुटले असेल. त्या मृत्यूंचे कारण विचारले असता ‘एक गोळी चुकून लागली’ एवढेच उत्तर देणे हा त्यांचा गौरव नव्हे. ते उपाशी का होते, रसद का तुटली, एका माणसामागे दुसरा उभा का नव्हता, हे विचारणे म्हणजे त्यांची दखल घेणे. कावळा केव्हाच उडून गेला. फांदी अजून तेथेच पडली आहे. ती उचलून पाहावी.

(समाप्त)